बारा इंचांचा एक इंच: एक छोटंसं स्कॉटिश दुकान

मंडळी, बाहुलीघर म्हटलं की आपल्याला भातुकली आठवते, आणि भातुकली म्हणजे लहान मुलांचा खेळ. इथे ब्रिटनमध्ये मात्र बाहुलीघर हा मोठ्या माणसांचा, आणि बऱ्यापैकी गंभीर, छंद आहे. नुसती घरंच नाहीत, तर दुकानंही बांधली जातात: बेकरी, टोप्यांचं दुकान, औषधांचं दुकान. त्यातला एक लोकप्रिय प्रकार म्हणजे 'स्कॉटिश दुकान'. दारात टार्टनचा पडदा, म्हणजे तेच ते रंगीत चौकड्यांचं कापड, खिडकीत बोटभर बॅगपाइप, फळीवर व्हिस्कीच्या चिमुकल्या बाटल्या, शॉर्टब्रेडचे डबे, कोपऱ्यात लॉख नेसमधला राक्षस. बघणारा लगेच म्हणतो, "वा, अगदी स्कॉटलंड!"

मी ग्लासगोत व्यापाराच्या इतिहासावर संशोधन करते आणि संध्याकाळी असं एक दुकान बांधते. ते बांधताना जे कळलं ते तुम्हाला सांगावंसं वाटतं, कारण परदेशात राहणाऱ्या आपल्यासारख्यांशी त्याचा जवळचा संबंध आहे.

अशा दुकानाचा पहिला प्रश्न लाकूड कुठलं हा नसतो. दुकान कोणत्या सालातलं, हा असतो. साल ठरलं की निम्मं सामान आपोआप बाहेर जातं. मी १८९० हे साल धरलं. त्याबरोबर नेसी गेली, कारण तिचा बोलबाला १९३३ नंतरचा. नारिंगी रंगाचं आयर्न-ब्रू हे पेय गेलं, ते १९०१चं. विमानतळावर तुम्ही हमखास घेता ते वॉकर्सचं शॉर्टब्रेड गेलं, ती बेकरी १८९८ची. 'सनातन' वाटणाऱ्या किती गोष्टी आपल्या पणजोबांपेक्षा तरुण असतात, हे फळी रिकामी होताना चांगलं कळतं.

दुसरा प्रश्न प्रमाणाचा. बाहुलीघरांचं रूढ प्रमाण एकास बारा, म्हणजे खऱ्या एका फुटाला इथे एक इंच. बारा इंचांचा फूट आणि बारा पेन्सचा शिलिंग मानणाऱ्या देशाला हे सोयीचंच होतं. विंडसर किल्ल्यातलं राणी मेरीचं प्रसिद्ध बाहुलीघर याच प्रमाणात आहे. वास्तुविशारद एडविन लट्यन्स यांनी ते १९२१ ते १९२४ या काळात घडवलं. त्यात नळांना खरं पाणी येतं, आणि ग्रंथालयासाठी एडिंबरात जन्मलेल्या आर्थर कॉनन डॉईल यांनी शेरलॉक होम्सची एक छोटी गोष्ट मुद्दाम लिहून दिली. ते लोकांना पहिल्यांदा दाखवलं गेलं ते १९२४च्या वेम्बलीच्या साम्राज्य प्रदर्शनात. ही जागा लक्षात ठेवा, साम्राज्य पुढे परत येणार आहे.

माझं दुकान चौदा इंच रुंद, बारा इंच खोल आणि दहा इंच उंच. म्हणजे खरं दुकान चौदा फूट रुंदीचं, ग्लासगोतल्या एखाद्या टेनेमेंटच्या तळमजल्यावरचं. टेनेमेंट म्हणजे आपल्या चाळीची दगडी चुलत बहीण समजा: एक जिना, मजल्यावर दोन-तीन बिऱ्हाडं, खाली दुकानं. सांगाडा प्लायवूडचा. दर्शनी भाग अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेचे तुकडे चिकटवून, वर रंग देऊन केला, कारण त्या पुठ्ठ्याचा खरबरीतपणा वालुकाश्मासारखा दिसतो. रंग फिका पिवळसर. ग्लासगोत आज जो लाल दगड दिसतो तो बराचसा १८९०च्या सुमारास आणि नंतर डम्फ्रीज आणि एअरशरच्या खाणींतून रेल्वेने आला. त्याआधीची इमारत बहुतेक फिक्या स्थानिक दगडाची. काउंटर तीन इंच उंच. दिवे पिवळे आणि मंद, कारण उजेड गॅसचा आहे.

आता फळ्या भरूया.

पहिल्या फळीवर मार्मालेड. डंडीच्या कीलर कंपनीच्या पांढऱ्या बरण्या, त्यावर काळी अक्षरं. कंपनीचं साल १७९७. लाकडी दांडीचे तुकडे कापून, पांढरा रंग देऊन त्या करता येतात. स्कॉटलंडची सकाळ याशिवाय होत नाही म्हणतात. पण संत्री स्पेनच्या सेव्हियाची. साखर? ग्लासगोजवळच्या ग्रीनॉक बंदरात साखरेचे मोठे कारखाने होते आणि तिथे कित्येक दशकं कॅरिबियन बेटांतली कच्ची साखर उतरत असे. १८३०च्या दशकापर्यंत तिथला ऊस गुलामांनी पिकवलेला होता. साखरेवरचा कर चुकवायला कीलरांनी १८५७मध्ये चक्क गर्न्झी बेटावर कारखाना काढला होता. बरणी डंडीची खरी, पण आतली एकही गोष्ट डंडीत उगवलेली नाही.

दुसऱ्या फळीवर चहाचे डबे. यांच्यावर काय लिहायचं यावर मी बराच विचार केला. दहा-पंधरा वर्षं आधीचं दुकान असतं, तर सगळ्यांवर 'चीन' लिहून भागलं असतं. पण १८८०च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये हिंदुस्थानी चहाने चिनी चहाला मागे टाकलं. सिलोनमध्ये जेम्स टेलर या स्कॉटिश माणसाने १८६७मध्ये चहाची लागवड सुरू केली. कॉफीच्या मळ्यांवर रोग पडला आणि सगळे चहाकडे वळले. मळ्यांत राबणारे मजूर दक्षिण हिंदुस्थानातून आणलेले तमिळ. आणि आपल्या दुकानाच्याच साली, १८९०मध्ये, ग्लासगोच्या टॉमस लिप्टनने सिलोनमध्ये मळे विकत घेतले. त्याने पहिलं दुकान ग्लासगोतल्याच स्टॉबक्रॉस स्ट्रीटवर १८७१मध्ये काढलं होतं. तेव्हा माझ्याकडे दोन डबे चीनचे, दोन आसामचे आणि एक नवाकोरा सिलोनचा.

खाली जमिनीवर ओटचं पीठ, बटाटे, डाळी यांची पोती. पोत्यांचा घोळ गमतीचा आहे. खरं गोणपाट वापरता येत नाही: दीड मिलिमीटरची सुतळी बाराने गुणली, तर अठरा मिलिमीटरचा दोर होतो. म्हणून जुना सुती रुमाल चहाच्या पाण्यात बुडवून वाळवायचा, मग त्याला गोणपाटाचा रंग येतो. खऱ्या पोत्याचा ताग मात्र बंगालचा. तो कोरडा आणि कडक, यंत्रावर तुटायचा; डंडी हे देवमाशांच्या शिकारीचं बंदर असल्यामुळे तिथे देवमाशाचं तेल मुबलक होतं, ते लावून ताग मऊ करायची युक्ती सापडली आणि डंडी तागाचं शहर झालं. गिरण्यांत राबणाऱ्यांत बायकांची संख्या मोठी. मग १८५५मध्ये हुगळीकाठी रिश्र्याला पहिली तागाची गिरणी निघाली, तीही डंडीच्या यंत्रांवर. कोलकात्याच्या गिरण्यांतले साहेब पुढेही डंडीहून येत राहिले, आणि शतक संपता संपता त्याच गिरण्या डंडीला भारी पडू लागल्या.

व्हिस्की ठेवायला हरकत नाही. किराणा दुकानदार व्हिस्की विकत आणि स्वतः मिसळतही. किल्मार्नॉकच्या जॉन वॉकरने १८२०मध्ये उघडलं होतं ते किराणा दुकानच. बारा इंचांची बाटली इथे एक इंचाची.

दाराजवळच्या खुंटीवर एक शाल. दुकानदाराच्या आईची, थोडी जुनाट फॅशनची. ही पेझलीची शाल. पेझली हे ग्लासगोजवळचं विणकरांचं गाव. काश्मिरी शाली इथे आल्या, श्रीमंतांच्या अंगावर चढल्या, आणि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून पेझलीच्या विणकरांनी त्यांच्या स्वस्त नकला विणल्या. १८७०च्या दशकात फॅशन बदलली आणि धंदा बसला. गावाचं नाव मात्र त्या नक्षीला कायमचं चिकटलं. जगभर 'पेझली' म्हणतात ती नक्षी म्हणजे आपली कोयरी. साडीच्या पदरावरची, हळदीकुंकवाच्या करंड्याची कोयरी. ती पाऊण इंचाची करून रेशमी कापडावर छापताना मनात येतं, की या दुकानातली मला सर्वात ओळखीची वस्तू हीच.

आणि टार्टन? ते अजून आलंच नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. कारण ग्लासगोतल्या १८९०च्या किराणा दुकानात टार्टनच्या पडद्याचं काही काम नव्हतं.

टार्टनचा इतिहास थोडक्यात असा. जॅकोबाइट बंड कलोडनला चिरडल्यावर १७४६च्या कायद्याने हायलँडच्या पुरुषांना त्यांचा पोशाख घालायला बंदी झाली. सैन्यातल्या हायलँड पलटणींना मात्र सूट होती. (पुढे २३ सप्टेंबर १८०३ रोजी जालन्याजवळ असईला मराठ्यांविरुद्ध लढलेल्या ७४ आणि ७८ क्रमांकाच्या पलटणी हायलँडच्याच.) बंदी १७८२मध्ये उठली. बॅनकबर्नचे विल्सन हे विणकर सैन्याला टार्टन पुरवत. अनेक नमुन्यांना कुळांची नावं त्यांच्या धंद्यातून मिळाली. १८२२मध्ये चौथा जॉर्ज एडिंबरात आला, तेव्हा वॉल्टर स्कॉटने सगळा सोहळा टार्टनमय केला आणि खुद्द राजाने किल्ट घातला. १८४२मध्ये दोन भावांनी कुळांच्या टार्टनांचं 'प्राचीन' हस्तलिखित म्हणून जे पुस्तक छापलं ते बनावट होतं. मग व्हिक्टोरिया राणीने बाल्मोरल घेतलं आणि टार्टन गालिच्यांपर्यंत पोहोचलं.

हे चालू असताना, १८१०च्या दशकात, सदरलंडमध्ये जमीनदार कुळांना घरांतून हुसकून तिथे मेंढ्या आणत होते. खरे हायलँडर कॅनडाला गेले, ग्लासगोला आले. ग्लासगोच्या सेंट्रल स्टेशनच्या पुलाखाली, पावसापासून आडोसा म्हणून, ते जमत आणि आपल्या गेलिक भाषेत बोलत. त्या पुलाला अजून 'हायलँडवाल्यांची छत्री' म्हणतात. परक्या गावात आपली भाषा बोलायला जागा शोधणारी माणसं! यात न समजण्यासारखं आपल्याला काहीच नाही.

टार्टनची दुकानं १८९०मध्ये होती, पण ती प्रवाशांसाठी. टॉमस कुकने पहिली सहल स्कॉटलंडला आणली ती १८४६मध्ये. त्या प्रवाशांना आठवण म्हणून विकायला एअरशरमधल्या मॉखलिन गावात लाकडी डब्या होत. तिथल्या स्मिथ बंधूंनी कागदावर यंत्राने टार्टनच्या रेघा ओढायची पद्धत काढली, आणि तो कागद डबीला चिकटवला जाई. गंमत म्हणजे आजचे बाहुलीघरवाले नेमकं तेच करतात. खऱ्या टार्टनचा नमुना सहा इंचांनी पुन्हा सुरू होत असेल, तर तो इथे अर्ध्या इंचात बसवावा लागतो. इतकं बारीक विणणं अवघड, म्हणून कागदावर छापून चिकटवायचं. म्हणजे 'स्कॉटिश दुकान' ही कल्पना आजच्या छंदिष्टांची नाही. ती दीडशे वर्षांपूर्वी स्कॉटलंडनेच पाहुण्यांसाठी मांडली.

म्हणून टार्टनचं दुकान खोटं, असं मी म्हणणार नाही. बांधायचं असेल तर खुशाल बांधा, पण ते पर्यटकांचं दुकान म्हणून बांधा आणि फळीवर मॉखलिनच्या डब्या ठेवा. माझं म्हणणं एवढंच, की ते देशाने पाहुण्यांना दाखवलेलं रूप आहे. ज्या बाईला पुलापलीकडच्या दुकानातून पावशेर चहा आणि थोडं ओटचं पीठ घ्यायचं होतं, तिला ती कुठली आहे हे टार्टनने सांगावं लागत नव्हतं. आणि तिच्या पिशवीतला चहा, साखर, पोतं हे सगळं दुसऱ्या कोणाच्या तरी कष्टांनी तिच्यापर्यंत आलं होतं. लहान प्रमाणात सगळंच गोंडस दिसतं. बाराने भागताना सर्वात आधी घाम नाहीसा होतो.

आपणही परदेशात आपलं दुकान मांडतोच की. मंडळाच्या स्टेजवर फेटा, नऊवारी, नथ, लेझीम. दिवाळीत मुलांकडून मातीचा किल्ला करून घेतो, त्यावर मावळे ठेवतो. मला ते सगळं आवडतं. पण पन्नास वर्षांनी कोणी आपलं एकास बारा प्रमाणातलं 'मराठी दुकान' बांधलं, तर त्यात फक्त स्टेजवरचं सामान असावं का? की त्यात गुजराती दुकानातून आणलेला कॅनडाचा आटा असेल, प्रेशर कुकर असेल, आईने विमानातून पाठवलेली, सीमाशुल्कवाल्यांनी उघडून पाहिलेली गोडा मसाल्याची पिशवी असेल?

तुम्ही कधी असं काही बांधलंत, दुकान असो की किल्ला, तर एक सवय लावून घ्या. मी प्रत्येक वस्तूच्या तळाशी बारीक पेनाने एक गाव आणि एक साल लिहिते. बरणीखाली सेव्हिया, डब्याखाली सिलोन, पोत्याखाली बंगाल, शालीच्या मागे काश्मीर. समोरून काहीच दिसत नाही, दुकान छानच दिसतं. ज्याला वस्तू उचलून बघायची सवय आहे त्याला ते वाचता येईल.