नकोशी, कंसात

गेल्या महिन्यात एका शनिवारी सकाळी सकाळी आत्याचा फोन. "तू कंप्युटरवाला ना? मग माझं नाव तेवढं एक करून दे."

आत्याची नावं दोन. आधारवर सुनंदा, पॅनवर सुनंदा, बँकेत सुनंदा. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आणि गावाकडच्या सातबाऱ्यावर मात्र नकोशी. आजोबा गेल्यावर वारसनोंद झाली, तेव्हा गावाला ठाऊक असलेलं नाव तिथे लागलं. तेच राहिलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: सातारा भागात पाठोपाठ मुली झाल्या की शेवटचीचं नाव नकोशी किंवा नकुशा ठेवायचे. 'आता मुलगी नको' हा निरोप देवापर्यंत पोचावा म्हणून. आत्या चौथी, जन्म १९६३ चा. तिच्यानंतर तीन वर्षांनी मुलगा झाला. तो मुलगा म्हणजे माझे बाबा. म्हणजे हिशोब केला तर या नावाचा 'गुण' आल्याचा पुरावा मीच आहे. हे गणित मला या वयात, फाईल चाळताना कळलं. लहानपणी आम्हाला ती फक्त आत्या होती.

लग्नात आतोबांनी ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहिलं: सुनंदा. डेटाबेसच्या भाषेत सांगायचं तर एका दुपारी तिची तिन्ही फील्ड बदलली. स्वतःचं नाव, मधलं नाव, आडनाव. तिला विचारलं कोणीच नाही. पण ती सांगते, "त्या ताटाकडं बघून मला बरं वाटलं बघ. निदान कुणाला तरी हवं असलेलं नाव."

आता हे सगळं निघालं कशामुळे? बाबांना हक्कसोडपत्र करून घ्यायचं होतं. बहिणींनी वडिलोपार्जित जमिनीतला हिस्सा भावाच्या नावे सोडायचा, हा आपल्याकडचा घरोघरचा रिवाज. वास्तविक १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासूनच वडिलांच्या मिळकतीत मुलगी वारस आहे, आणि २००५ च्या दुरुस्तीने एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेतही तिला मुलासारखा जन्मसिद्ध हक्क मिळाला. पण हक्क आहे म्हणूनच तो 'सोडून' घ्यावा लागतो! तर दस्त करायला गेलो आणि अडलो. सातबाऱ्यावरची नकोशी आणि समोर बसलेली सुनंदा एकच बाई आहे, याला पुरावा काय? आत्या समोर बसलेली होती, हा पुरावा चालत नाही.

मग मी वाचायला बसलो. विकेंड गेला, पण मजा आली. आमच्या धंद्यात नाव बदलायचं म्हणजे एका ओळीची अपडेट क्वेरी. जुनी किंमत गेली, नवी आली. मला वाटलं होतं सरकारी नाव बदलही तसाच असणार, फक्त हळू. तसं नाहीये. सरकारी कागद खोडत नाही. तो शेजारी लिहितो.

१९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा बघा. त्याचं कलम १५ दुरुस्तीबद्दल आहे. नोंद चुकीची निघाली तर निबंधकाने मूळ नोंदीला हात न लावता समासात दुरुस्ती लिहायची, सही करायची आणि तारीख टाकायची. सातबाऱ्याचं तेच. जुन्या हस्तलिखित सातबाऱ्यावर हक्क संपलेल्या माणसाचं नाव खोडत नसत, त्याला कंस करत. कुठल्या व्यवहाराने कंस झाला त्याचा फेरफार क्रमांक शेजारी. आम्ही ज्याला मोठ्या ऐटीत 'अपेंड ओन्ली लॉग' म्हणतो तो तलाठ्याच्या दप्तरात कधीचा पडून आहे :)

आणि या सगळ्याचं मूळ बहुतेक वेळा शाळेचं रजिस्टर. जुन्या पिढीत कित्येकांकडे जन्माचा दाखला नाहीच, शाळेचा दाखला हाच पुरावा. गुरुजींनी पहिल्या दिवशी जे लिहिलं ते जन्मभर. याचं सगळ्यात मोठं उदाहरणही साताऱ्याचंच. ७ नोव्हेंबर १९०० रोजी तिथल्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, एका मुलाने प्रवेश घेतला. रजिस्टरात क्रमांक १९१४, नाव भिवा रामजी आंबेडकर. घराण्याचं मूळ आडनाव सकपाळ, गाव आंबडवे. पण जग ओळखतं ते रजिस्टरातलं आडनाव. शाळेने ते रजिस्टर जपून ठेवलंय, आणि २०१७ पासून महाराष्ट्रात ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. एका ओळीची ही ताकद. आत्याच्या शाळेतही अशीच एक ओळ लिहिली गेली, फक्त तिच्यात 'नको' होतं.

त्याच साताऱ्यात २२ ऑक्टोबर २०११ रोजी एक कार्यक्रम झाला. जिल्ह्यातल्या २८५ नकोशा, नकुशांचं नव्याने बारसं. जिल्हा आरोग्य अधिकारी डॉ. भगवान पवार यांची ही कल्पना. मुली ठेवणीतले कपडे घालून आल्या होत्या, प्रत्येकीला नव्या नावाचं प्रमाणपत्र आणि फुलं मिळाली. कोणी ऐश्वर्या झाली, कोणी वैशाली. जगभरच्या पेपरांत बातमी आली.

मला या कार्यक्रमात आवडलेली गोष्ट अशी की तिथे नुसतं गोड भाषण नव्हतं, हातात कागद होता. घरच्यांनी उद्यापासून 'ऐश्वर्या' अशी हाक मारली तरी शाळेच्या हजेरीत नकोशीच पुकारलं जाणार असेल तर काय उपयोग? नाव दोनदा बदलावं लागतं, एकदा तोंडात आणि एकदा कागदावर. आत्या तेव्हा ४८ वर्षांची होती. तिच्या वयाच्या नकोशांना कोण बोलावणार? तिने ती बातमी टीव्हीवर बघितली आणि चॅनल बदललं, असं आतेबहीण सांगते.

पुढे ३ जून २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने जिग्या यादव खटल्यात सीबीएसईच्या प्रमाणपत्रांबद्दल निकाल दिला. नाव ही माणसाची अभिव्यक्ती आहे, ते आपल्या मर्जीने ठरवण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम १९ मध्ये येतो, बोर्डाला सरसकट नाही म्हणता येणार नाही. पण तिथेही तोडगा आपला तोच! राजपत्रात जाहीर करा, आणि प्रमाणपत्रावर नव्यासोबत जुन्या नावाचा उल्लेख ठेवायला बोर्ड मोकळं.

सुरुवातीला मला याचा राग आला होता. ज्या नावाने बाई आयुष्यभर खाली मान घालते ते तिला पुसूनही मिळू नये? मग फाईलकडे बघताना ट्यूब पेटली. समजा नकोशी खरोखर पुसली गेली. मग आजोबांची ती चौथी मुलगी कोण? सातबाऱ्यावरचा हिस्सा कोणाचा? सुनंदा ही कागदोपत्री आतोबांची बायको आहे, आजोबांची मुलगी आहे ती नकोशी. नको असलेलं नाव हाच तिच्या माहेरच्या हक्काचा एकमेव पुरावा. सरकार जुनं नाव ठेवतं ते चिडवायला नव्हे, दुवा तुटू नये म्हणून.

तर आम्ही राजपत्राचा अर्ज भरला. प्रतिज्ञापत्र, दोन्ही नावांचे पुरावे, फोटो, फी. अर्ज ऑनलाइन होतो. 'महाराष्ट्र शासन राजपत्र, भाग दोन' मध्ये जुनं नाव आणि नवं नाव अशी जोडी छापून येते. आणि या जाहिरातींसोबत एक सूचना असते, ती जरूर वाचा. मजकुराच्या खरेपणाची जबाबदारी शासन घेत नाही, तो सर्वस्वी अर्जदाराच्या सांगण्यावरून छापलेला आहे. पहिल्यांदा वाचून मी हसलो. एवढा उपद्व्याप करून शेवटी हात वर! पण विचार केला तर अर्थ वेगळाच निघतो. नाव सरकार देत नाही. तुम्ही सांगता, सरकार छापतं.

आत्याचं पहिलं नाव नवस म्हणून ठेवलं, दुसरं आतोबांनी तांदळात लिहिलं. प्रतिज्ञापत्रावर मात्र 'मी याद्वारे जाहीर करते की' असं होतं. वाक्याचा कर्ता पहिल्यांदाच ती. सही करताना तिने चष्मा दोनदा पुसला.

परवा अंक आला. मी पीडीएफ मोबाइलवर मोठी करून दाखवली. तिने जुन्या नावावर बोट ठेवलं. मला वाटलं आता म्हणेल, हे कशाला परत छापलं? पण म्हणाली, "दोन्ही एकाच ओळीत आलीत की रे. बरं झालं."

मग विचारलं, "सातबाऱ्यावर सुनंदा कधी लागंल?"

म्हटलं, अर्ज करू, फेरफार होईल, थोडे दिवस जातील. आणि मग ते हक्कसोडपत्र...

"ते बघू," आत्या म्हणाली. "आधी नाव तर लागू दे. लागलेलं बघायचंय मला थोडे दिवस."

बाबा शेजारीच बसले होते. त्यांनी पेपर उघडला. त्यानंतर त्यांनी हक्कसोडपत्राचा विषय काढलेला नाही, आणि मीही नाही.