पडद्याआडचे प्रेम

बीडजवळच्या कपिलधारेस ‘परमरहस्य’कार मन्मथस्वामींची समाधी आहे. त्या शिवभक्त सत्पुरुषाच्या नावात एक पुराणकथा दडलेली आहे. मन्मथ म्हणजे मदन. शंकराने त्यास जाळले. तथापि तो नाहीसा झाला नाही, ‘अनंग’ झाला. देह गेला, सत्ता राहिली. तरुण प्रेमिकांच्या नाटकांचा इतिहास पाहू लागलो म्हणजे ही कथा आम्हांस आठवते. कारण जुन्या थोर नाटकांतील मदन हाही बहुधा अनंगच आहे.

रंगमंचावर शयन, चुंबन, आलिंगन दाखवू नये, असे भरताचे नाट्यशास्त्र सांगते, आणि कारणही व्यवहारी देते: नाटकास बाप-लेक, सासू-सून एकत्र बसतात. कालिदासाने या बंधनाचेच सोने केले. ‘शाकुंतला’च्या तिसऱ्या अंकात गौतमी येते आणि प्रेमिकांची ताटातूट होते, चौथा अंक उघडतो तेव्हा गांधर्वविवाह होऊन राजा नगरीस परतलेलाही असतो. मधले सारे प्रेक्षकाने जाणून घ्यावयाचे. शेक्सपिअरही ‘रोमिओ आणि ज्युलिएट’मध्ये विवाहाची रात्र दाखवीत नाही, दाखवितो ती निरोपाची पहाट. बाहेर गाणारा पक्षी रात्रीचा की सकाळचा, एवढाच दोघांचा वाद. पण ही भेट अखेरची, हे त्यातूनच आपल्या मनाला चाटून जाते.

अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘संगीत शाकुंतला’चे पहिले चार अंक 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात रंगभूमीवर आणले. 1882 साली नारायण बापूजी कानिटकरांनी ‘शशिकला आणि रत्नपाल’ या नावाने ज्युलिएटची कथा मराठीत आणली. शेक्सपिअरच्या काळी स्त्रीभूमिका मुलगे करीत. आमच्याकडेही त्या पुरुषांकडेच होत्या. संयमास शास्त्राची जोड होती, तशी सोयीचीही होती.

परंतु श्रोतेहो, या नाटकांनी झाकले काय आणि उघडे ठेवले काय, हे नीट पाहावे. शकुंतला कमलपत्रावर नखांनी आपले मन लिहिते. ज्युलिएट स्वतः विवाहाची गोष्ट काढते. मीलन पडद्याआड, होकार मात्र भर रंगमंचावर! त्या काळच्या आमच्या घरांत नेमके उलटे होते. लग्न वाजतगाजत होई, मुलीचा होकार कोणी विचारीत नसे. बालपणी लग्न झालेल्या रखमाबाईंनी नांदावयास नकार दिला, तेव्हा 1887 साली न्यायालयाने ‘नांदा, नाहीतर तुरुंगात जा’ असा पर्याय त्यांच्यापुढे ठेवला. 1891 च्या कायद्याने संमतिवय दहावरून बारा केले, तेवढ्यावरून महाराष्ट्र दुभंगला. ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ करणारे आगरकर सुधारणेच्या बाजूस होते. सरकारी हस्तक्षेप नको म्हणून टिळक विरोधात होते. आणि ज्युलिएटला मराठी वेष देणाऱ्या कानिटकरांनीच 1886 साली ‘तरुणीशिक्षणनाटिका’ लिहून शिकलेल्या स्त्रीची टवाळी केली! नायिकेचे धैर्य नाटकात गोड, घरात कडू.

ज्युलिएटचा बाप आधी मुलीची संमती हवी म्हणतो; पुढे तोच तिला न विचारता लग्नाचा वार ठरवितो, आणि तिची पावले थडग्याकडे वळतात. दोन घराण्यांचे वैर मोठे खरे, पण तिच्यावरचा शेवटचा घाव हा आहे. जुन्या नाटककारांनी प्रेमिकांच्या एकान्ताचा मान राखला आणि मुलीचा शब्द सर्वांस ऐकविला. आडपडदा असावा तो एकान्तावर. होकारावर तो नसावा, एवढेच त्यांच्याकडून आपण घ्यावयाचे आहे.