संगीतशिक्षणाचे ऋण कोणाच्या माथी?

संगीताच्या उच्च शिक्षणासाठी महाविद्यालय निवडताना पालक बहुधा दोन गोष्टी पाहतात: संस्थेचे नाव आणि शुल्क. शुल्क आवाक्याबाहेर असेल तर शैक्षणिक कर्जाचा विचार सुरू होतो. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या, जवळ नातेवाईक वा परिचित गुरू नसलेल्या मराठी कुटुंबाला हा निर्णय अधिकच एकाकीपणे घ्यावा लागतो. अशा वेळी या प्रश्नाचा इतिहास पाहणे उपयुक्त ठरते. संगीतशिक्षण आपल्याकडे कधीच विनामूल्य नव्हते. त्याचे मोल कोणी चुकवायचे, एवढेच काळानुसार बदलत गेले.

गुरुकुल पद्धतीत हे मोल शिष्याच्या श्रमांतून वसूल होई. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ग्वाल्हेर गायकी मिळविली ती घरदार सोडून, दीर्घकाळ गुरुसेवा करून. तेथे पैशाचे कर्ज नव्हते, परंतु आयुष्याची उमेदीची वर्षे गहाण पडत. शिवाय गुरू केव्हा व किती शिकवील याची शाश्वती नसे.

बाळकृष्णबुवांचेच शिष्य विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले, तेव्हा या व्यवस्थेत मूलभूत बदल झाला. ठराविक अभ्यासक्रम, वर्ग, परीक्षा आणि लोकांच्या देणग्यांवर चालणारी संस्था, असे तिचे स्वरूप होते. १९०८ साली त्यांनी मुंबईत विद्यालय सुरू केले. भावी संगीतशिक्षक घडावेत म्हणून निवडक विद्यार्थ्यांच्या शिक्षणाचा व निर्वाहाचा भार संस्थेनेच उचलला. स्वतःच्या वास्तूसाठी पंडितजींनी कर्ज काढले. मैफलींची मिळकत व देणग्या यांतून ते फिटेल, अशी त्यांची अपेक्षा होती. ती फलद्रूप झाली नाही आणि १९२४ साली धनकोंनी इमारतीचा लिलाव केला.

प्रशासनाच्या दृष्टीने पाहता हे अपयशच होय. अनिश्चित उत्पन्नाच्या भरवशावर निश्चित हप्त्यांचे दायित्व घेतले गेले होते. तथापि या कथेची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे. कर्ज संस्थेच्या नावावर होते, विद्यार्थ्यांच्या नव्हे. वास्तू गेली तरी विद्यार्थी मोकळे राहिले. पंडितजींच्या निधनाच्याच वर्षी, १९३१ साली, शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ उभे केले. विनायकराव पटवर्धनांनी १९३२ साली पुण्यात विद्यालय काढले. ओंकारनाथ ठाकूर १९५० साली बनारस हिंदू विश्वविद्यालयातील संगीत विभागाचे प्रमुख झाले. हे तरुण हप्त्यांच्या ओझ्याखाली असते तर शिक्षकाचा तुटपुंजा व्यवसाय त्यांना पत्करता आला असता का, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी निराळा मार्ग धरला. ते व्यवसायाने वकील होते व संस्थेमागे राज्यसत्तेचे पाठबळ असावे, हे त्यांनी ओळखले होते. सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने १९१६ साली बडोद्यास संगीत परिषद भरली. १९१८ साली माधवराव शिंदे यांच्या साहाय्याने ग्वाल्हेरचे माधव संगीत महाविद्यालय आणि १९२६ साली लखनौचे मॅरिस कॉलेज सुरू झाले. भातखंडे यांचे शिष्य श्रीकृष्ण रातंजनकर यांना उस्ताद फैयाज खाँ यांच्याकडे शिकता आले ते बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीमुळे. पुढे त्यांनीच लखनौच्या महाविद्यालयाची धुरा दीर्घकाळ वाहिली. ती संस्था आज भातखंडे संस्कृती विश्वविद्यालय या नावाने राज्य विद्यापीठ आहे. १९५६ साली खैरागढच्या राजघराण्याने आपला राजवाडा देऊन इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय उभारले, तेही याच परंपरेतले.

२००१ साली भारतीय बँक संघाची आदर्श शैक्षणिक कर्ज योजना आली आणि मोल चुकविण्याची जबाबदारी प्रथमच मोठ्या प्रमाणावर विद्यार्थ्याच्या नावे नोंदली जाऊ लागली. अभियांत्रिकी वा वैद्यकासाठी ही योजना उपकारक ठरली, कारण तेथे पदवीनंतर नियमित वेतन अपेक्षित असते. संगीतात पदवी आणि मिळकत यांचे नाते इतके सरळ नाही. ८ लाख रुपयांवर १० टक्के दराने ४ वर्षे व्याज न भरता साठू दिले, तर सरळ व्याजानेच रक्कम ११ लाख २० हजार होते. ती १० वर्षांत फेडायची तर मासिक हप्ता १४,८०० रुपयांच्या घरात जातो. शिकवण्या आणि तुरळक कार्यक्रम यांवर उभ्या असलेल्या तरुण कलावंताला हा हप्ता रियाझाचे तास विकूनच भरावा लागेल.

व्यवस्थेतील आणखी एक विसंगती लक्षात घ्यावी. बँक मान्यताप्राप्त संस्थेच्या अभ्यासक्रमास कर्ज देते, गुरूच्या घरच्या तालमीस देत नाही. २०२४ साली मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत तारण व जामीनदाराविना कर्ज मिळते, पण ते मानांकनाच्या आधारे निवडलेल्या संस्थांपुरते. म्हणून इष्ट संस्था त्या यादीत आहे की नाही, हे आधी पाहिले पाहिजे. याउलट केंद्रीय संस्कृती मंत्रालयाची युवा कलाकार शिष्यवृत्ती गुरूकडे शिकणाऱ्यासही मिळू शकते. १८ ते २५ वयोगटासाठी ती दरमहा ५,००० रुपये व २ वर्षे मुदतीची आहे. रक्कम मोठी नाही, परंतु परत करावयाची नाही.

म्हणून पालकांनी प्रवेशापूर्वी तीन प्रश्नांची उत्तरे लेखी मांडावीत. प्रत्यक्ष शिकविणारा गुरू कोण व आठवड्यास किती तास? खर्चाचा किती भाग शासन, विश्वस्त निधी वा शिष्यवृत्ती उचलते? आणि उरलेल्या कर्जाचा हप्ता संगीतशिक्षकाच्या पहिल्या वर्षाच्या मिळकतीतून निघेल काय? तिसऱ्याचे उत्तर नकारार्थी असल्यास नामांकित खासगी संस्थेऐवजी अल्प शुल्काचे शासकीय महाविद्यालय आणि त्याच शहरातील चांगला गुरू ही जोडी निवडावी. लखनौ, ग्वाल्हेर, बडोदे, बनारस व खैरागढ येथील संस्था राजांनी, दात्यांनी व शासनाने याच हेतूने उभारल्या आहेत.