गाठीचे नाव

कर्वेनगरात या विषयावर बोलावयास आम्ही उभे राहिलो, तोच पहिल्या रांगेतून एका गृहस्थांनी विचारले, "गाठ काढून झाली, मग तिचे नाव ठरवायला पंधरा दिवस कशाला?" प्रश्न रास्त होता. उत्तर मात्र ऐंशी वर्षांच्या इतिहासात आहे.

स्नायू, चरबी, रक्तवाहिन्या, मज्जातंतू यांतून उठणारा विरळा कर्करोग म्हणजे सार्कोमा. १९४१ साली परळला टाटा रुग्णालय उघडले आणि डॉ. वसंत रामजी खानोलकर तेथे रोगनिदानाचे काम पाहू लागले, त्या काळी गाठीचे काप पाहण्यास मुख्यतः दोनच रंग होते, निळा आणि गुलाबी. निळा येतो तो कापड रंगविण्याच्या लाकडातून. म्हणजे ही विद्याही रंगखात्यातूनच आली म्हणायची! पण या रंगांत कित्येक सार्कोमा सारखेच दिसतात, चातीसारख्या लांबट पेशींच्या जुड्या.

त्याच १९४१ साली अमेरिकेत आल्बर्ट कून्स यांनी प्रतिपिंडाला चकाकणारे द्रव्य जोडले. प्रतिपिंड आपल्या ठरावीक प्रथिनालाच चिकटते. गिरणीच्या दारावर बिल्ला पाहून साचेखात्यातला कोण आणि कांडीखात्यातला कोण ते कळे, तसेच हे. डेस्मिन दिसले तर स्नायूकडे बोट, एस-१०० दिसले तर मज्जातंतूच्या वेष्टनाकडे. बिल्ला उसनाही असतो, म्हणून एकावर न विसंबता पाचसहा लावून पाहतात. दिवस तेथे जातात. १९७५ साली कोलर व मिलस्टीन यांनी एकाच जातीची प्रतिपिंडे हवी तेवढी बनविण्याची युक्ती काढली. तरी फॉर्मलिनमध्ये ठेवलेल्या गाठीत पुष्कळ प्रथिने झाकली जात. १९९१ साली ते काप पाण्यात बुडवून मायक्रोवेव्हमध्ये तापवले आणि झाकलेले उघडे पडले. स्वयंपाकघरातल्या यंत्राचा हा उपयोग आम्हांस फार आवडला.

नावावर काय अवलंबून असते? जठर-आतड्यांच्या भिंतीतल्या काही गाठी वर्षानुवर्षे स्नायूच्या समजल्या जात, आणि जुनी औषधे त्यांवर जवळजवळ चालत नसत. १९९८ साली जपानी संशोधकांनी त्यांत 'किट' प्रथिनातील बिघाड दाखविला. त्याचा बिल्ला सीडी-११७. रक्ताच्या एका कर्करोगासाठी निघालेले इमॅटिनिब या गाठींनाही लागू पडले. पण ते महिन्याला लाखाच्या वर! पेटंटला हरकत घेणाऱ्यांत मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन होती. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पेटंट नाकारले, आणि देशी कंपन्यांच्या स्वस्त गोळ्यांची वाट मोकळी राहिली.

त्या गृहस्थांना आम्ही म्हटले, पंधरा दिवस लागू द्या. मेणातला ठोकळा मात्र मागून घ्या, दुसऱ्या तज्ज्ञाला दाखवायचा तर तोच लागतो.