हवापालट

आमच्या घरात आजीच्या आजाराचं नाव कुणी घेत नसे. १९४६ च्या सुमाराला ती चौदा महिने पाचगणीला होती. वाईत कुणी विचारलं, तर घरची माणसं सांगत, "हवापालटाला गेलीय." क्षय म्हटलं असतं तर तिच्या दोन नणंदांची लग्नं अडली असती. माझे वडील तेव्हा सहा वर्षांचे होते. आईला भेटायला पसरणीचा घाट चढून गेलं, की व्हरांड्याच्या पायरीखाली उभं राहूनच बोलायचं, एवढं त्यांना आठवे.

एप्रिल २०२१ मध्ये मला कोरोना झाला. अकरा दिवस ऑक्सिजनवर काढून मी घरी आले. रिपोर्ट निगेटिव्ह आला. शेजारणींनी दृष्ट काढली आणि आजार संपला असं सगळ्यांनी धरून टाकलं. जूनमध्ये गणपती घाटावर गेले. पायऱ्या उतरले खऱ्या, पण वर येताना पाचव्या पायरीवर बसावं लागलं. एक दिवस बरं वाटलं म्हणून पुस्तकांचं कपाट आवरलं, तर पुढचे दोन दिवस अंथरूण सुटलं नाही. मी शाळेत इतिहास शिकवते. ऑनलाइन तासाला मुलांसमोर वाईच्या सुभेदाराचं नाव मला आठवेना. अफझलखान! या गावातलं शेंबडं पोरही ते नाव झोपेत सांगेल. मी कॅमेरा बंद केला आणि रडले. "आता बऱ्या झालात ना, मॅडम?" असं जो तो विचारी. त्या प्रश्नाला होही म्हणता येत नव्हतं आणि नाहीही.

त्या दिवसांत मला आजीचा 'हवापालट' आठवला आणि मी त्याचा इतिहास शोधायला बसले.

आजारातून उठलेल्या माणसाला डोंगरावर न्यायची ही रीत आमच्या भागात इंग्रजांनी रुजवली. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी १८२८ मध्ये महाबळेश्वरला गोऱ्या सैनिकांसाठी आरोग्यधाम सुरू केलं. तिथल्या वस्तीला त्यांचंच नाव पडलं, माल्कम पेठ. पण महाबळेश्वरचा पाऊस कुणाला राहू देत नसे. पावसाळा लागला की बंगले गवताने शाकारून माणसं खाली उतरत. बारा महिने राहता येईल अशी जागा हवी होती. ती पाचगणीला सापडली. महाबळेश्वरपासून ती अगदी जवळ, पण डोंगराच्या आडोशाला, त्यामुळे पाऊस कितीतरी कमी आणि हवा कोरडी. दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर आणि तायघाट या पाच गावांच्या मधल्या माळावर १८६० च्या दशकात जॉन चेसन या इंग्रजाने वस्ती उभारली. सिल्व्हर ओकची झाडं तेव्हापासूनची. चेसन तिथेच राहिला आणि तिथेच पुरला गेला.

क्षयावर औषध नव्हतं, तेव्हा या कोरड्या हवेलाच औषधाचं मोल आलं. डॉ. रुस्तमजी बोमनजी बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये पाचगणीत 'बेल-एअर' हे क्षयरोग्यांचं सॅनेटोरियम काढलं. मिरजेजवळ वानलेसवाडीतही असंच एक सॅनेटोरियम चाले. सॅनेटोरियममधला दिवस कसा असे, ते आजीकडून मी पुष्कळदा ऐकलंय. खाट उघड्या व्हरांड्यात, थंडीतसुद्धा. सकाळ-संध्याकाळ थर्मामीटर. दूध, अंडी. आजी ब्राह्मणाघरची, अंडं नाक दाबून गिळे. दर पंधरवड्याला बरगड्यांमधून सुई घालून छातीत हवा भरत, म्हणजे आजारी फुप्फुस दबून राही आणि त्याला विसावा मिळे. दुपारी जेवणानंतर मौनाचा तास. त्या वेळात वाचायचं नाही, विणायचं नाही, बोलायचंही नाही. ताप उतरून काही आठवडे झाले की आधी खाटेपासून दारापर्यंत चालायचं, मग फाटकापर्यंत, मग रस्त्यापर्यंत. संध्याकाळी पारा चढला, की पुन्हा खाट. "आपण किती चालायचं ते आपल्या मनानं ठरवायचं नाही, पाऱ्यानं ठरवायचं," असं ती म्हणे.

या व्यवस्थेचे मला गोडवे गायचे नाहीत. आजोबांनी तिच्यासाठी नदीकाठचं दीड एकर विकलं. ज्यांच्याकडे विकायला काही नव्हतं, ते घरातच खोकत मेले. स्ट्रेप्टोमायसिन आणि पाठोपाठ आयसोनियाझिड आलं, तेव्हा सॅनेटोरियमची गरज उरते का, असा प्रश्न पुढे आला. त्याचं उत्तर आपल्याच देशात मिळालं. मद्रासमध्ये १९५६ मध्ये १९३ क्षयरोगी घेऊन एक अभ्यास सुरू झाला. निम्म्यांना सॅनेटोरियममध्ये ठेवलं, निम्म्यांना त्यांच्या दाटीवाटीच्या घरांत तीच औषधं दिली. १९५९ मध्ये निष्कर्ष आले. घरचं जेवण निकृष्ट आणि विश्रांती कमी असूनही घरचे रोगी जवळपास तितकेच बरे झाले होते आणि घरातल्या इतरांचा धोकाही वाढला नव्हता. गरिबाला उपचाराचा दरवाजा उघडणारा तो निकाल होता. सॅनेटोरियमं ओस पडली, ते योग्यच झालं.

पण त्यांच्याबरोबर आणखी एक गोष्ट गेली. ताप उतरल्यापासून माणूस कामाला लागेपर्यंतचा जो काळ असतो, त्याला जागा होती, नियम होते, घरच्यांच्या तोंडी एक शब्द होता. 'हवापालटाला गेलीय' म्हटलं की कुणी तिच्याकडून भाकऱ्यांची अपेक्षा करत नसे. गोळ्या घरी आल्या, आणि हा काळ कुणाच्याच हिशोबात राहिला नाही.

कोरोनानंतर लाखो माणसं त्याच बिनहिशोबी काळात अडकली. त्याला नावही डॉक्टरांनी दिलं नाही, रुग्णांनी दिलं. मे २०२० मध्ये एलिसा पेरेगो या इटालियन बाईंनी आपल्या न संपणाऱ्या आजाराबद्दल लिहिताना 'लाँग कोविड' हा शब्द वापरला. त्या पुरातत्त्वाच्या अभ्यासक आहेत, हे वाचून मला फार आधार वाटला. जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या आली ती ऑक्टोबर २०२१ मध्ये: लागण झाल्यावर साधारण तीन महिन्यांनी दिसणारी, किमान दोन महिने टिकणारी आणि दुसऱ्या कोणत्याही आजाराने उलगडा न होणारी लक्षणं. थकवा, धाप, विसर. तोवर मी स्वतःला आळशी ठरवून मोकळी झाले होते.

पुढे डॉक्टरांनी मला कामाचे तुकडे करायला सांगितले, दमण्याआधीच थांबायला सांगितलं. मी मनात म्हटलं, हा तर आजीचा पारा. तेव्हापासून दुपारी मौनाचा तास मी पाळते. घाटाच्या सगळ्या पायऱ्या न थांबता चढायला मला दीड वर्ष लागलं.

आमच्या हजेरीपटावर दोनच खुणा असतात, हजर आणि गैरहजर. गेल्या श्रावणात कावीळ होऊन गेलेला एक मुलगा सहावीच्या वर्गात परत आला. चेहरा उतरलेला, दप्तरसुद्धा वडील घेऊन आले होते. मैदानावरच्या कवायतीसाठी घंटा झाली तेव्हा तो रांगेत उभा राहिला. मी त्याला हात धरून वर्गात आणलं, खिडकीजवळच्या बाकावर बसवलं आणि डोकं टेकायला सांगितलं. "किती दिवस, बाई?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "ते आपण रोज बघून ठरवू."