खजुराची काकवी आणि आपला 'पोर्तुगीज किल्ला'

बहारीन म्हटले की आपल्या मंडळींना आधी तेल आठवते, मग मोती. तेल लागले १९३२ साली. त्याआधी हजारो वर्षे या बेटाला पोसण्यात खजुराचा वाटा फार मोठा होता आणि त्याचा पुरावा करबाबादजवळच्या किल्ल्यात आहे. आपण मुलांना घेऊन तेथे समुद्राचा वारा खायला जातो. शेजारी २००८ साली उघडलेले संग्रहालय पाहायचे मात्र राहून जाते.

किल्ल्याखालचे टेकाड नैसर्गिक नव्हे. इ. स. पूर्व २३०० च्या सुमारापासून इसवी सनाच्या सोळाव्या शतकापर्यंत एकावर एक वसलेल्या वस्त्यांचा तो थर आहे. १९५४ पासून ग्लोब आणि बिबी यांच्या डॅनिश पथकाने तो खणला आणि सुमेरियन लेखांतल्या दिलमुनची राजधानी उजेडात आली. येथे सिंधू संस्कृतीच्या मापाची वजनेही सापडली. म्हणजे व्यवसायानिमित्त या बेटाशी नाते जोडणारे आपण काही पहिले नव्हे!

आम्हा रसायनशास्त्रवाल्यांचे मन रमले ते मदबसापाशी. उत्खननात सापडलेले सर्वांत जुने मदबसा सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे आहेत. मदबसा म्हणजे एक बंदिस्त खोली. जमिनीला गिलावा केलेल्या समांतर पन्हळी आणि त्यांना एका बाजूला उतार. झावळ्यांच्या टोपल्यांत खजूर भरून त्यांची उंच रास रचायची. वरच्या वजनाने आणि उन्हाळ्याच्या उष्म्याने रस पाझरतो, पन्हळींतून वाहत जाऊन रांजणात जमतो. हाच दिब्स. काकवीचा भाऊबंद म्हणा ना! पण काकवीला गुऱ्हाळ आणि चुलाण लागते, येथे विस्तवच नाही. वाळत आलेल्या खजुरात निम्म्याहून अधिक साखर असते. ती पाणी इतके धरून ठेवते की जंतूंना वाढायला ते मिळत नाही. म्हणून दिब्स सहसा आंबत नाही.

झाडाचे काहीच वाया जात नसे. करबाबादच्या टोपल्या झावळ्यांच्याच. नर आणि मादी झाडे वेगळी असल्याने नराचा फुलोरा माणूस हाताने मादीच्या घोसात बांधतो. त्या फुलोऱ्याच्या आवरणाचा अर्क काढून सुगंधी 'लगाह'चे पाणी करतात, गुलाबपाण्यासारखीच रीत.

हे सारे उभे होते गोड्या झऱ्यांवर. सौदीच्या पूर्व भागात मुरलेले पाणी समुद्राच्या तळाखालून इथवर येते. मोतीवाले पाणबुडे समुद्रातल्या झऱ्यांवरही पखाली भरून घेत. अधारीच्या झऱ्यावरून येथे म्हण आहे: अधारी लांबच्याला पाजते, जवळच्याला कोरडे ठेवते. आपल्या 'दिव्याखाली अंधारा'ची सख्खी बहीण! पण विसाव्या शतकात पंपांनी उपसा इतका वाढला की जमिनीखालच्या गोड्या पाण्यात खारे शिरले, अधारीचा नैसर्गिक झरा आटला आणि बागा वाळल्या. उरलेल्या जमिनीवर इमारती आल्या, ज्यांत आपणही राहतो. नळाला येते ते बहुतेक समुद्राचे गोड केलेले पाणी.

२००५ साली किल्ला जागतिक वारशाच्या यादीत गेला, तेव्हा भोवतालच्या खजुराच्या बागांचेही महत्त्व नोंदले गेले. हवा निवली की जाऊन या. मुलांना पन्हळींचा उतार कोणत्या बाजूला आहे ते शोधायला सांगा, आणि परतताना कोल्ड स्टोअरमधून दिब्सची बाटली घ्या. गरम भाकरी आणि तुपाबरोबर फार छान लागतो.