नाव बदलते, नोंद हरवते

माणसाने नाव बदलले तर ते गॅझेटमध्ये छापून येते. नियतकालिकाने नाव बदलले, की ती आठवण जपण्याचे काम ग्रंथालयातल्या एका लहानशा कार्डावर येऊन पडते. कार्ड चुकले की इतिहासाचा धागा तुटतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पत्रांचेच पाहा. 'मूकनायक' ३१ जानेवारी १९२० रोजी निघाले, 'बहिष्कृत भारत' ३ एप्रिल १९२७ रोजी आणि 'जनता' २४ नोव्हेंबर १९३० रोजी. ही स्वतंत्र पत्रे. परंतु ४ फेब्रुवारी १९५६ रोजी 'जनता'चे 'प्रबुद्ध भारत' झाले, ते नामांतर होते. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपूरला धम्मदीक्षा झाली. म्हणजे हे नामांतरही इतिहासच आहे.

आता सूचीकाराने काय करावे? सारे अंक नव्या नावाखाली लावले तर 'जनता'ची पंचवीस वर्षे झाकली जातात. जुन्या नावाखाली लावले तर बदल दिसत नाही. त्यात १९४६ पासून निघालेले समाजवाद्यांचे इंग्रजी साप्ताहिकही 'जनता'च, आणि रामकृष्ण संघाचे १८९६ पासूनचे इंग्रजी मासिकही 'प्रबुद्ध भारत'च! मारुंजीतला एखादा विद्यार्थी पुण्याच्या ग्रंथालयात नुसते 'जनता' मागेल, तर त्याच्या हाती काय पडेल?

उर्दूतही हाच पेच आहे. मौलाना आझादांचे 'अल-हिलाल' १९१२ मध्ये कलकत्त्याहून निघाले. प्रेस कायद्याच्या बडग्याने ते १९१४ मध्ये बंद पडले. १९१५ मध्ये 'अल-बलाग' आले. १९१६ मध्ये मौलानांना बंगालबाहेर जावे लागले आणि तेही थांबले. १९२७ मध्ये पुन्हा 'अल-हिलाल'. वाचकाच्या मनात ही एकच तहरीक. सूचीकाराला मात्र प्रत्येक टप्पा वेगळा दाखवावा लागतो.

यावर ग्रंथालयशास्त्राचा तोडगा साधा आहे. प्रत्येक नावाला वेगळी नोंद द्यायची. एकीवर 'पुढील नाव' आणि दुसरीवर 'पूर्वीचे नाव' लिहायचे. नावे सारखी असतील तर गाव जोडायचे. नियतकालिकांना आता मिळणारा आठ अंकी आंतरराष्ट्रीय क्रमांकही नाव ठळकपणे बदलले की नवा घ्यावा लागतो.

वाचकहो, आपल्या समाजातली लहान नियतकालिके थोड्या पैशांवर निघतात, थांबतात आणि नव्या नावाने पुन्हा उभी राहतात. संपादकांनी पहिल्याच पानावर 'पूर्वीचे नाव' ही एक ओळ छापावी. तिला खर्च नाही. ती नसेल तर उद्याचा संशोधक म्हणेल, ही माणसे मधली वर्षे गप्पच होती.